कॅमेऱ्याआधी गाणे मोजा

पत्र

आदरणीय सर,

मी सांगलीतील एका महाविद्यालयात पत्रकारिता व जनसंवाद विषयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी आमच्या सहा जणांच्या गटाने चार मिनिटांच्या आतला एक संगीत व्हिडिओ करायचा असून हाताशी साडेतीन आठवडे आहेत. दिग्दर्शनाची जबाबदारी माझ्यावर आहे. आमच्याकडे दोन मोबाईल, एका मित्राच्या भावाचा जुना डीएसएलआर कॅमेरा, ८ जीबी रॅमचा एक लॅपटॉप आणि वर्गणीचे ५,००० रुपये आहेत. निम्म्या गटाला एका गाजलेल्या चित्रपटगीतावर काम करायचे आहे. दुसरीकडे, गटातल्या एका मित्राने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवरून एक गाणे बांधले आहे. ते केरवा तालात आहे, लय १०० आणि लांबी ३ मिनिटे १२ सेकंद. कोणी म्हणते भारी कॅमेरा भाड्याने आणू, कोणी म्हणते ड्रोन लावू, कोणी म्हणते आजींची दृश्ये एआयकडूनच करून घेऊ. रोज नवे ॲप उतरवतो, व्हिडिओ पाहतो आणि वाद घालतो. अजून एकही शॉट झालेला नाही. जितके गुण व्हिडिओला तितकेच नियोजनाच्या वहीला आहेत. सुरुवात कुठून करावी?

— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

आधी तुमच्या प्रश्नांची थेट उत्तरे देतो, कारणे मागाहून सांगतो. ओव्यांचे गाणे घ्या. कॅमेरा भाड्याने आणू नका. ड्रोनचा विचार सोडून द्या. आजींची दृश्ये आजींकडे जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्याच घरात घ्या. आणि पहिला पूर्ण आठवडा कॅमेऱ्याला हात न लावता फक्त गाण्यावर काम करा, कारण संगीत व्हिडिओत घड्याळ गाण्याच्या हातात असते आणि ते घड्याळ ज्या गटाने नीट वाचलेले नसते त्याचा सगळा वेळ चित्रीकरणाच्या जागी उभे राहून "आता काय घ्यायचे" हे ठरवण्यात जातो.

चित्रपटगीताविषयी गटातील मित्रमैत्रिणींना समजावून सांगण्याची वेळ तुमच्यावर येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एका गाण्यात एकच हक्क नसतो. शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावर बहुधा संगीत कंपनीचा हक्क असतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द व चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. गाण्याला नवे चित्र जोडण्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि ती विद्यार्थ्यांना साडेतीन आठवड्यांत मिळेल असे गृहीत धरून काम आखणे धोक्याचे आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत, परंतु सादरीकरणाची सवलत विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित प्रेक्षक यांच्यापुरती आहे. तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकणे त्यात बसत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा ध्वनिमुद्रण आपोआप ओळखते आणि मग हक्कधारकाच्या इच्छेनुसार व्हिडिओ अडवला जातो किंवा त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न त्यांच्याकडे जाते. तुम्हाला पुढे नोकरीसाठी किंवा उच्च शिक्षणासाठी हे काम कोणालाही मोकळेपणाने दाखवता यावे, असे मला वाटते. स्वतःचे गाणे असेल तरच ते शक्य आहे.

शिवाय ओव्यांचे गाणे केवळ सोयीचे म्हणून नव्हे, तर तुमच्या हाती आलेला मोठा ठेवा म्हणून निवडा. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि तो संग्रह आता ग्रामीण भारताविषयीच्या 'परी' या संकेतस्थळावर लिखित रूपात, तर अनेक ओव्या मूळ आवाजातही ऐकायला मिळतात. तुमच्या नियोजनाच्या आठवड्यात एक संध्याकाळ सहाही जणांनी मिळून तो ऐकावा. बाई ओवी म्हणताना श्वास कुठे घेते, दुसरी तिला कुठे साथ देते, जात्याचा खुंटा फिरवण्याचा जोर ओळीच्या कोणत्या भागावर येतो, हे कानावर पडले की चित्रे सुचवण्यासाठी दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहण्याची गरज उरणार नाही.

परंपरेने आलेल्या ओवीवर एका व्यक्तीची मालकी नसते. पण आजींनी गायलेली ओवी तुम्ही ध्वनिमुद्रित केली की गायिका म्हणून त्यांचा हक्क निर्माण होतो, आणि कायद्यात सादरकर्त्याचा हा हक्क ५० वर्षांचा आहे. ओव्यांपैकी काही त्यांनी स्वतः रचलेल्या असतील तर त्या शब्दांच्या त्या कवयित्री ठरतात. म्हणून मित्राने "माझीच आजी आहे, विचारायचे काय" असे म्हटले तरी साध्या मराठीत एका पानाचे संमतिपत्र करा, ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, व्हिडिओ कुठे दाखवला जाईल हे स्पष्ट सांगा आणि त्यांना एखादी ओवी बाहेर जाऊ द्यायची नसेल तर ती गाळा. सासरच्या जाचाच्या कितीतरी ओव्या असतात. त्या घरच्यांसमोर वाजाव्यात की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे. एआयने त्यांचा चेहरा किंवा आवाज तयार करण्याची कल्पना याच कारणासाठी मला मान्य नाही. खरी बाई बसने जाऊन भेटण्याइतकी जवळ असताना तिची बनावट प्रतिमा करणे हा तिचा अवमान आहे, आणि परीक्षकांनाही त्यात तुमचे कौशल्य दिसणार नाही. शॉटच्या रेखाटनासाठी एआय वापरायचे असेल तर महाविद्यालयाचा नियम विचारा आणि वहीत तसे नमूद करा. मात्र काडीचित्रांनी तेच काम कमी वेळात होते, असे माझे मत आहे.

आता गाणे मोजण्याकडे येऊ. पहिली अट अशी की, गाण्याचे अंतिम ध्वनिमुद्रण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस कुलूपबंद झाले पाहिजे. चित्रीकरणानंतर मित्राने मध्येच चार मात्रांचा तुकडा वाढवला, तर त्यापुढचा प्रत्येक कट सरकतो. अंतिम फाईल एमपी३ नको, वेव्ह स्वरूपात घ्या.

लय १०० म्हणजे मिनिटाला १०० मात्रा, म्हणजेच एक मात्रा ०.६ सेकंदाची. आपण सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रीकरण करणार आहोत, त्यामुळे एका मात्रेला बरोबर १५ चौकटी मिळतात. केरव्याचे आठ मात्रांचे एक आवर्तन ४.८ सेकंदांचे, म्हणजे १२० चौकटींचे होते, आणि ३ मिनिटे १२ सेकंदांत अशी बरोबर ४० आवर्तने बसतात. लय १२० असती तर मात्रेला साडेबारा चौकटी आल्या असत्या आणि एकाआड एक कट अर्ध्या चौकटीने हुकला असता. तुमच्या मित्राने नकळत फार सोयीची लय निवडली आहे. ती आता कोणालाही बदलू देऊ नका.

ही ४० आवर्तने कागदावर उतरवण्यासाठी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. गाणे त्यात उघडा, वाजवा आणि प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कंट्रोल व एम ही बटणे एकत्र दाबा. त्या क्षणी एक खूण उमटते आणि तिला नाव देता येते. हे काम तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याकडे द्या, कारण सम ज्याच्या अंगात आहे त्याचे बोट चुकत नाही. नंतर या खुणा मजकुराच्या फाईलमध्ये निर्यात करा. त्या फाईलमध्ये प्रत्येक खुणेची वेळ सेकंदांत येते आणि ती जशीच्या तशी गूगल शीटमध्ये उघडता येते. खूण जरा मागेपुढे पडली असेल तर ४.८ च्या पाढ्याशी ताडून दुरुस्त करा. आता तुमच्याकडे ४० ओळींचा तक्ता आहे. प्रत्येक ओळीपुढे त्या आवर्तनातील शब्द, दिसणारे चित्र, जागा, कोण कोण हवे, दिवसाची कोणती वेळ, कोणता मोबाईल आणि शेवटी "झाले" असा रकाना ठेवा. गुणांसाठी मागितलेल्या नियोजनाच्या वहीचा कणा हाच तक्ता असेल, आणि चित्रीकरणाच्या दिवशी सहाही जणांच्या मोबाईलवर तोच उघडा असेल.

तक्ता भरताना एक मोह टाळा. समेची खूण हाताशी आली की प्रत्येक समेवर कट मारावासा वाटतो, आणि दीड मिनिटात प्रेक्षकाला पुढचा कट केव्हा येणार हे कळून चुकते. काही चित्रे दोन आवर्तने चालू द्या, एखादे चार आवर्तने. पीठ पडताना दिसते तो शॉट तर लांबच हवा. जिथे कट समेवर हवाच, तिथे तो समेच्या एक-दोन चौकटी आधी टाकून पाहा, कारण डोळ्याला नव्या चित्रात स्थिरावायला क्षण लागतो आणि तोवर ठेका येऊन पोहोचतो. हे मात्र संकलनाच्या टेबलावर कानाने आणि डोळ्याने ठरवायचे असते, तक्त्यात नव्हे.

यानंतर जी पायरी बहुतेक विद्यार्थी गाळतात, ती तुम्ही गाळू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक ओळीसाठी एक काडीचित्र काढा, त्याचा मोबाईलवर फोटो घ्या आणि ते सगळे फोटो संकलनाच्या प्रोग्राममध्ये गाण्यावर ठरलेल्या वेळेनुसार लावा. याला ॲनिमॅटिक म्हणतात. तयार झालेला हा चित्रांचा व्हिडिओ गटासमोर लावा आणि मधे कोणीही बोलू नये असा नियम करा. कोणता भाग लांबतो, कुठे सलग तीन चित्रे सारखीच आहेत, कोणत्या कडव्यात काही घडतच नाही, हे पहिल्याच खेळात उघडे पडते, आणि त्या वेळी चूक दुरुस्त करायला फक्त पेन्सिल लागते. जागा पाहायला जाल तेव्हा काडीचित्रांच्या जागी त्या जागेचे मोबाईलवरचे छोटे तुकडे टाका. असे करत गेलात तर चित्रीकरणापूर्वीच व्हिडिओचा कच्चा आराखडा तयार असेल, आणि "भारी कॅमेरा हवा" म्हणणाऱ्या मित्रालाही नेमकी कमतरता कशाची आहे ते दिसेल. ती कॅमेऱ्याची क्वचितच असते.

दुसऱ्या आठवड्यात तिन्ही कॅमेरे एकत्र ठेवून एकाच खोलीत एकच ओळ घ्या आणि लॅपटॉपवर तपासा. मोबाईल सहसा सेकंदाला ३० चौकटींवर असतो, डीएसएलआर २५ वर. दोन्ही मिसळले की हालचाल अडखळल्यासारखी दिसते, म्हणून सगळे २५ वर आणा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबचा आणि कित्येक एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले तर पडद्यावर सरकणारे काळसर पट्टे येत नाहीत. मोबाईलच्या मूळ कॅमेऱ्यात हे ठरवता येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा किंवा अँड्रॉइडसाठी ओपन कॅमेरा ही मोफत ॲप वापरा. रोज नवे ॲप शोधण्याचा तुमचा क्रम इथे थांबावा. प्रत्येक शॉटआधी उजेड आणि रंगाचे संतुलन पक्के करून टाका, नाहीतर आजींनी हात पुढे केला की भिंत एकदम पांढरी होईल आणि हात मागे घेतला की पिवळी. ४के चा हट्ट धरू नका. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेले असते की ३० चौकटींच्या वेगाने फुल एचडी मिनिटाला सुमारे ६० एमबी आणि ४के सुमारे १७० एमबी जागा घेते. तुमच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर फुल एचडीच सुखाने चालेल.

गाणारा चेहरा दाखवायचा असेल तर जागेवर गाणे वाजवून त्याबरोबर ओठ हलवायचे असतात, आणि त्यासाठी मूळ गाण्याची एक वेगळी प्रत तयार करा. प्रत्येक कडव्याआधी "कडवे पहिले", "कडवे दुसरे" अशी आवाजात घोषणा आणि पुढे एका आवर्तनाचे टकटक ठोके घाला, म्हणजे गाणाऱ्याला कुठूनही सुरुवात करता येते आणि संकलकाला कॅमेऱ्याच्या आवाजावरून शॉट कुठला आहे ते कळते. कॅमेऱ्यात आलेला हा आवाज अंतिम व्हिडिओत वापरायचा नसला तरी तो मुद्रित होऊ द्याच. संकलनाच्या प्रोग्राममध्ये दिसणारी त्याची लहर मूळ गाण्याच्या लहरीशी जुळवूनच ओठ जुळतात. मात्र स्पीकर गाणाऱ्याजवळ आणि कॅमेरा दूर असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे नदीकाठी ३४ मीटरवरून शॉट घेतला तर कॅमेऱ्याला गाणे ०.१ सेकंद, म्हणजे अडीच चौकटी उशिरा ऐकू येते. लहरी जुळवून झाल्यावरही ओठ गाण्याच्या पुढे धावताना दिसले तर गाणाऱ्याला दोष देऊ नका. ते चित्र दोन-तीन चौकटी उशिरा येईल असे सरकवा.

संथ गतीच्या दृश्यात ओठ जुळवण्याची युक्तीही सोपी आहे. कॅमेरा ५० चौकटींवर आणि शटर १/१०० वर ठेवा, गाणे दुप्पट वेगाने वाजवा आणि गाणाऱ्याला त्या वेगाने गायला सांगा. संकलनात चित्र २५ वर आणले की हालचाल निम्म्या वेगाने होते आणि ओठ मूळ गाण्यावर बसतात. दोनच ओळींसाठी हे करा, आणि गाणाऱ्याला आदल्या दिवशी सराव द्या, कारण लय २०० वर ओव्यांचे शब्द जिभेवर अडखळतात.

आजींना मात्र ओठ हलवायला लावू नका. जात्यावरची ओवी ठोक्याच्या यंत्रावर चालत नाही. खुंटा फिरतो तशी ती फिरते, वैरण, म्हणजे जात्यात मूठभर धान्य, घालायला हात उचलला की थांबते, पुन्हा जाते गती घेते तशी सुरू होते. केरव्यात बसवताना तुमच्या मित्राने तिला बांधले, ते त्याचे काम होते. पण मूळ ओवी मोकळीच राहू द्या, आणि तुमच्या चार मिनिटांच्या मर्यादेत जी जागा उरते तिच्यात, गाणे सुरू होण्याआधी, आजींची एकच ओवी त्यांच्या गतीने येऊ द्या. त्यासाठी एक मोबाईल फक्त आवाजासाठी त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, चौकटीबाहेर ठेवा आणि विमान मोडवर टाका. पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून त्याच्या दारावर कागद चिकटवा. ओवी झाली की आजींना विश्रांती द्या आणि नुसत्या जात्याची घरघर दोन मिनिटे वेगळी मुद्रित करा, कारण संकलनात दोन शॉटमधल्या आवाजाच्या फटी याच घरघरीने भरतात.

प्रकाशासाठी त्या खोलीतील एक खिडकी पुरते. ट्यूब बंद करा, आजी खिडकीकडे तिरप्या बसतील असे जाते मांडा आणि सावलीच्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला पांढरा थर्माकोलचा तक्ता धरा. कॅमेरा जमिनीलगत न्या. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून पाहिले तर जाते एक दगड दिसते. बसलेल्या बाईच्या गुडघ्याच्या उंचीवरून पाहिले तर जात्याच्या वरच्या-खालच्या दगडांच्या फटीतून पडणारे पीठ, खुंट्यावर सरकणारी मूठ आणि बांगड्या एका चौकटीत येतात. या एका शॉटसाठी अर्धा तास राखून ठेवा. आजींच्या वयाचा विचार करून त्यांचे काम सकाळच्या दोन तासांत संपवा, आणि त्यांच्या हातचे पीठ वाया जाणार नाही याची काळजी घ्या. घरातल्या बाईला ते पाहवत नाही.

आणखी एक सुचवतो, जमल्यास करा. मिरज तुमच्या शेजारी आहे आणि तिथली सतार व तंबोरा बनवणारी घराणी देशभर ओळखली जातात. २०२४ मध्ये दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. एखाद्या कारागिराने परवानगी दिली तर तुमच्या गाण्याच्या षड्जात, म्हणजे 'सा'मध्ये, लावलेल्या तंबोऱ्याचा दोन मिनिटांचा नाद मुद्रित करून आणा. सुरुवातीच्या मोकळ्या ओवीखाली तो मंद ठेवला तर पुढे केरवा सुरू होताना जोड जाणवणार नाही.

जागांविषयी थोडक्यात. कृष्णेचा घाट आणि आयर्विन पूल तुमच्या मनात असणारच. प्राचार्यांचे पत्र सोबत ठेवा, स्थानिक पोलीस ठाण्यात आधी कळवा, पुलाच्या रहदारीत तिपाई लावू नका आणि पाण्यात कोणालाही उतरवू नका. रेल्वेच्या हद्दीत आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूंत चित्रीकरणासाठी स्वतंत्र परवानगी लागते, आणि तुमच्या वेळेत ती बसवण्याची धडपड व्यर्थ आहे. ड्रोनसाठी २०२१ चे नियम, नोंदणी आणि उड्डाणक्षेत्रांचे नकाशे हे सगळे पाहावे लागते. पण माझी खरी हरकत वेगळी आहे: हे गाणे जमिनीवर बसून गायलेले आहे, त्याला आकाशातून पाहण्याचे कारण मला सापडत नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी सहा जणांपैकी एकाचे काम फक्त फाईल सांभाळण्याचे असावे. दर ब्रेकमध्ये त्याने फाईल लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवाव्यात, दोन्ही ठिकाणी उघडून पाहाव्यात, आणि तोवर कार्ड कोणी पुसू नये. फाईलच्या नावात तारीख, कॅमेरा आणि तक्त्यातील आवर्तनाचा क्रमांक असावा. मोबाईलच्या फाईलींत सेकंदाला चौकटींची संख्या किंचित कमीजास्त होत राहते आणि सुरुवातीला जुळलेले ओठ कडव्याच्या शेवटी सुटतात. हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने अशा फाईल स्थिर २५ चौकटींवर बदलून घेतल्या की हा त्रास मिटतो. संकलनासाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींत हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून काम करता येते, आणि तुमच्या लॅपटॉपला तेच झेपेल. ॲनिमॅटिक ज्या प्रोग्राममध्ये केले त्याच फाईलमध्ये पुढे चला. काडीचित्राच्या जागी खरा शॉट टाकत गेलात तर किती काम उरले ते एका नजरेत दिसते. चित्राचे कट पक्के होण्याआधी रंगाला हात लावू नका.

वर्गणी कुठे खर्चावी हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. मोबाईल पकडणारी एक मजबूत तिपाई, एक-दोन मोठे पेनड्राइव्ह, थर्माकोल, प्रवास आणि सर्वांचे पोटभर जेवण एवढ्यावर खर्च करा. उरलेल्यातून आजींना एक चांगले लुगडे घ्या.

वादांचे म्हणाल तर ते मतांमुळे होत नाहीत, निर्णय कोणी घ्यायचा हे न ठरल्यामुळे होतात. तक्त्यातील प्रत्येक ओळीपुढे एकच नाव लिहा. वहीत तारखेनुसार झालेले निर्णय आणि त्यांची कारणे दोन-दोन ओळींत नोंदवा, ॲनिमॅटिकच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवा आणि कोणता शॉट का वगळला तेही लिहा. चित्रपटगीताचा आग्रह धरणाऱ्यांना बाजूला सारू नका. त्यांचा हौशी डोळा नृत्य आणि गर्दीच्या दृश्यांत उपयोगी पडेल. दुसऱ्या कडव्याची दहा आवर्तने पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा आणि तिथे तुम्ही ढवळाढवळ करू नका.

शेवटची दोन कामे संकलनानंतरची आहेत. ओव्यांचे शब्द पडद्यावर उपशीर्षक म्हणून द्या, पण ते पुस्तकी मराठीत दुरुस्त करू नका. आजी जसे उच्चारतात तसे लिहा आणि लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवून खात्री करा. श्रेयनामावलीत "ओव्या: पारंपरिक" असे लिहून त्याखाली आजींचे नाव गायिका म्हणून द्या, आणि एखादी ओवी त्यांची स्वतःची असेल तर कवयित्री म्हणूनही. व्हिडिओ महाविद्यालयात जमा करण्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन तो त्यांना दाखवा. त्यांनी काही बदल सांगितला तर तो करायला दोन दिवस लागतील, आणि ते दोन दिवस आत्ताच वेळापत्रकात लिहून ठेवा.